कसारा घाटातल्या कीमनसाठी रेल्वेमंत्र्यांना पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांच्या, आबांच्या, अस्थी घेऊन आम्ही कल्याणहून नाशिकला रामकुंडावर निघालो होतो. कसाऱ्याला गाडी थांबली, घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागलं, धक्का बसला आणि धाकट्या भावाच्या मांडीवरचा कलश हलला. दोन्ही हातांनी तो सावरत भाऊ म्हणाला, "आबा, तुमचं बीट आलं बघा." बीट म्हणजे त्यांना तपासायला नेमून दिलेला रुळांचा पट्टा. आईने पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं की रडू, ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

आबा तुमच्या खात्यात तीस वर्षं होते. १९८० साली माजी सैनिकांच्या राखीव जागेवर गँगमन म्हणून रुळांच्या देखभालीच्या कामाला लागले, पुढे रोज पायी रूळ तपासणारे कीमन झाले आणि २०१० साली साठ पूर्ण करून घरी आले. त्याआधी फौज. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातून अठराव्या वर्षी बेळगाव गाठलं आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, दाखल झाले. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपुरातल्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कमांडरला शरण या म्हणून पत्र पाठवलं. उत्तराचा कागद काडतुसाला गुंडाळून आला. १० तारखेच्या रात्री ती पलटण बाहेर पडायला निघाली आणि आमच्या लोकांनी तिला तिथेच रोखलं. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं.

आबा लढाईचं फारसं बोलत नसत, पण पत्राची गोष्ट मात्र रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पत्र नीट लिहावं. उत्तर कशात गुंडाळून येईल ते आपल्या हातात नसतं." म्हणून हे मी दोनदा खरडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

जमालपूरच्या त्या रात्रीनंतर आबांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. रेल्वेत लागताना डॉक्टरांनी डोळे कसून तपासले, कानाचं आबांनी निभावून नेलं. हे सांगू नये खरं तर, पण आता त्यांच्यावर कुणी चार्जशीट काढणार नाही. आणि माझं सगळं म्हणणं त्या कानापाशीच आहे.

कीमनचं काम आपल्याला कागदावर ठाऊक असणारच. मला ते आबांच्या खांद्यावरून ठाऊक आहे. एका खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, दुसऱ्या खांद्याला पिशवी. पिशवीत पाना, लाल झेंड्या, हिरवी झेंडी, गाडीला सावध करायला रुळावर लावायच्या फटाक्यांची डबी आणि तळाशी भाकरी. सकाळी निघायचं आणि नेमून दिलेलं बीट पायी तपासत जायचं. एका रुळाची तपासणी करत जायचं, दुसऱ्याची करत परत यायचं. रूळ धरून ठेवणारी क्लिप निसटू पाहत असली तर ठोकून बसवायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचा नट आवळायचा. थंडीत रूळ आकसतो आणि वेल्डपाशी केसाएवढा तडा जातो, तो दवात दिसत नाही. त्यासाठी वाकावं लागतं. आबांची पाठ त्या वाकण्यानेच गेली.

घट्ट बसलेली क्लिप हातोड्याखाली टणकन बोलते आणि ढिली नुसती थप् करते, असं ते सांगायचे. ही खोड घरातही होती. माझ्या लग्नात नवरदेवाकडची मंडळी येऊन बसली तरी आबा मांडवाच्या खांबांवर बोटाची पेरं वाजवत फिरत होते. एक खांब त्यांनी खरोखर पुन्हा पुरायला लावला. डेकोरेटर वैतागला. संध्याकाळी वारं सुटलं तेव्हा काही बोलला नाही.

गाडी थांबवायची वेळ आली तर धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, हे आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबर पाठ होतं. गंमत म्हणजे आबांना तीस वर्षांत ते एकदाही करावं लागलं नाही. त्यांच्या बीटवर दरड नाही, तुटलेला रूळ नाही, घसरलेला डबा नाही. गाडी वाचवणाऱ्याला रेल्वे सप्ताहात शाल-श्रीफळ मिळतं आणि मिळायलाच हवं. ज्याने गाडी वाचवायची वेळच येऊ दिली नाही, त्याच्यासाठी कुठलाच रकाना नाही. आबांना याचं दुःख नव्हतं. मला आहे, थोडंसं.

इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये आमचं घड्याळ म्हणजे गाड्या. पंचवटी गेली की दप्तर उचलायचं. पावसाळ्यात आबांची रात्रीची पेट्रोलिंग लागली की संध्याकाळी ते उंबऱ्यात बसून हातबत्तीची काच जुन्या वर्तमानपत्राने पुसायचे, आणि ते पुसत असताना मी इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायचा. वाचताना अडखळले तर पुसणं थांबायचं. काच स्वच्छ झाली की अभ्यास संपला. ज्या दिवशी माझं वाचन कच्चं असे, त्या दिवशी काच फार वेळ मळकी राही. मे महिन्यात घाटातून येताना पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं आणायचे आणि पाचही जणांत मोजून वाटायचे, आईच्या वाट्याला दोन जास्त. ती आजारी असायची त्या वर्षी माझी वेणी त्यांनीच घातली, पलटणीतल्या बुटाची लेस बांधावी तशी घट्ट. दुपारपर्यंत डोकं दुखायचं.

आता कानाचं. कसारा ते इगतपुरी तीन मार्ग आहेत, अप, डाऊन आणि मिडल. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीच्या पुढे इंजिन, मागे बँकर. शेजारच्या मार्गावरून अशी गाडी चढत असली की दोन माणसं समोरासमोर उभी राहूनही एकमेकांचं ऐकू शकत नाहीत. त्यात बोगद्याचा घुमारा, जुलैतला पाऊस आणि दहा पावलांवर संपणारं धुकं. येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालावं हा नियम बरोबर आहे, पण क्लिप ठोकणारा माणूस खाली बघतो. आबा म्हणायचे, "मी रुळावर तळवा ठेवून गाडी ऐकतो." आम्हाला ते जादूसारखं वाटायचं. ती जादू नव्हती. दुसरा काही उपाय त्यांच्याकडे नव्हता.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी गेले, असं त्यात आहे. आबांनी तो आकडा पेपरात वाचला, चष्मा काढला आणि आपल्या गँगमधली नावं बोटांवर मोजायला लागले. आईने चहा आणून ठेवला तेव्हा कुठे थांबले. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे लासलगाव स्थानकाजवळ टॉवर वॅगनखाली, म्हणजे वरच्या विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या गाडीखाली, चार ट्रॅकमन गेले, त्या दिवशी ते जेवले नाहीत. चौघांतल्या कुणालाही ते ओळखत नव्हते.

तुमच्याच खात्याने यावर एक उपाय काढला आहे. त्याचं नाव ‘रक्षक’. गाडी जवळ येऊ लागली की ट्रॅकवरच्या माणसाजवळचं हे यंत्र थरथरतं, दिवा लावतं, आवाज करतं. थरथर महत्त्वाची. ती बहिऱ्या कानालाही कळते आणि बँकरच्या आवाजातही कळते. ‘कवच’बद्दल तुम्ही उत्साहाने बोलता, ते मी ऐकलं आहे, आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळू नयेत हे कुणाला नको आहे? पण कवच इंजिनातल्या माणसाला सावध करतं. कीमन इंजिनाबाहेर आहे.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. कसारा आणि बोर या दोन्ही घाटांतल्या प्रत्येक कीमनला आणि रात्री रूळ बघत फिरणाऱ्या पेट्रोलमनला येत्या पावसाळ्याआधी ‘रक्षक’ मिळू द्या. यंत्रं वाटल्याचा फोटो नको. दर महिन्याला विभागवार साधा तक्ता हवा: किती माणसं ट्रॅकवर, किती यंत्रं चालू, किती दुरुस्तीला, आणि बोगद्यात यंत्राचा सिग्नल पोचतो का. जिथे पोचत नाही तिथे कीमनबरोबर लुकआऊटला, म्हणजे येणाऱ्या गाडीवर नजर ठेवायला, दुसरा माणूस द्या. आणि एक कीमन रजेवर गेला की शेजारच्याला दोन बीटं चालायला लावतात, ते बंद करा. दुप्पट चालणारा माणूस अर्धंच बघतो, हे आबांचं वाक्य आहे. मुकादमाला तोंडावर सुनावलेलं.

आबांच्या नावाने काही मागत नाही. पेन्शन होती, पास होता. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात त्यांना शुद्ध आली की ते कॉटच्या लोखंडी दांड्यावर पेरं वाजवायचे आणि नर्सला सांगायचे, "ढिली आहे." दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयने पाना आणून नट आवळला. खरंच ढिली होती.

त्या दिवशी गाडी घाट चढत असताना दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात एक कीमन दिसला. नारंगी जॅकेट, खांद्यावर हातोडा, पाठ कातळाला टेकवून आमची गाडी जाण्याची वाट बघत उभा होता. भावाने खिडकीतून कलश थोडा उचलून धरला. त्याला काय कळणार, पण त्याने हात वर केला. त्याच्या दंडाला काही बांधलेलं आहे का ते मी बघायचा प्रयत्न केला, तेवढ्यात पुढचा बोगदा आला. तेवढं आपण बघून कळवावं.

आपली,
इगतपुरीच्या एका कीमनची थोरली मुलगी