काटा १३५० वर

सॅन अँटोनिओ, २२ जून

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोन रोज होतोय, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर बाबा "बरंय ना सगळं?" एवढंच विचारतात आणि फोन आईच्या हातात देतात. आईचा निम्मा वेळ मी काय जेवले यात जातो. आज जरा लांबण लावायची आहे, आणि ती मुख्यतः बाबांसाठी आहे. आई, तू चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखव. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ते कितीही नाही म्हणोत.

सुट्टी लागल्यापासून चिऊला घेऊन मी लायब्ररीत जाते. त्या लायब्ररीला राउल ए. कॉर्टेझ यांचं नाव आहे. इतके दिवस मला वाटायचं, पैसे देऊन नाव लावून घेतलेला कुणी बिल्डर असेल. परवा सहज शोधलं, तर माणूस रेडिओवाला निघाला! मग काय, चार रात्री त्याच्यावरच वाचत बसले.

जन्म १९०५ चा, मेक्सिकोतल्या वेराक्रुझ राज्यातला. पुढे इकडे टेक्सासात आला. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत कपडे मांडायचं काम केलं. पर्ल नावाच्या बिअर कंपनीचा माल विकला (त्या कारखान्याच्या जागी आता चकचकीत हॉटेलं आहेत, आपल्याला तिथली कॉफी परवडायची नाही). स्पॅनिश वर्तमानपत्रात बातमीदारी केली. मेक्सिकोतले गायक आणि नट आणून इथे कार्यक्रम लावले. आणि मग केएमॅक या इंग्रजी रेडिओ केंद्राकडून तासाच्या हिशोबाने वेळ विकत घ्यायला लागला. त्या वेळेत स्पॅनिश कार्यक्रम करायचा, त्यातल्या जाहिराती स्वतः दुकानोदुकानी हिंडून विकायच्या. म्हणजे वेळ घाऊक घ्यायची आणि किरकोळीत विकायची. बाबा, तुम्ही रेडिओच्या दुकानासाठी मुंबईहून लॉटमध्ये व्हॉल्व्ह आणायचात, तसंच की हे.

पण भाड्याच्या जागेत किती दिवस दुकान चालवणार? १९४४ मध्ये त्याने स्वतःच्या केंद्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. दिवस लढाईचे. परभाषेतल्या प्रसारणाकडे सरकार संशयाने बघायचं. या पठ्ठ्याने अर्जात मांडलं की, इथल्या मेक्सिकन लोकांना युद्धाच्या कामाला लावायचं असेल तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला हवं. ज्या गोष्टीचं भय दाखवलं जात होतं, तीच त्याने कारण म्हणून पुढे केली. मला हे फार आवडलं. १९४६ मध्ये केकॉर सुरू झालं, मीडियम वेव्हवर १३५० किलोहर्ट्झ. पूर्णवेळ स्पॅनिश बोलणारं आणि मालकीही त्याच समाजातल्या माणसाची, असं अमेरिकेतलं हे पहिलं केंद्र. केकॉर या नावातला 'कॉर' म्हणजे त्याच्या आडनावाचा तुकडा. एवढा मान त्याने घेतला, तर काय बिघडलं?

आपल्याकडे नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन काढावं लागायचं, आणि ते नसलेली गिऱ्हाइकं दुरुस्तीचा सेट पिशवीत लपवून सांगलीत गणपती पेठेतल्या दुकानात आणायची, हे तुम्ही सांगितलेलं आठवलं.

पुढे १९५५ मध्ये याने टीव्ही केंद्रही काढलं, चॅनल ४१. इथे मात्र फसला, आणि का फसला ते तुम्हालाच नीट समजेल. ते चॅनल यूएचएफ या वरच्या लहरींच्या पट्ट्यावर होतं आणि त्या काळच्या बहुतेक सेटना फक्त व्हीएचएफ, म्हणजे खालचा पट्टा, पकडता यायचा. म्हणजे आधीच बेताच्या कमाईच्या माणसाने वेगळा कन्व्हर्टर विकत आणून जोडायचा, तेव्हा कुठे स्पॅनिश चित्र दिसणार. जाहिरातदारांनाही हा प्रेक्षक खिजगणतीत वाटेना. जावयाला हाताशी घेऊन काही वर्षं रेटलं, शेवटी १९६१ मध्ये केंद्र विकलं. घेणाऱ्यांत तो जावईही होता. त्याच केंद्रातून पुढे जे जाळं वाढलं, ते आजचं युनिव्हिजन. इथल्या कुठल्याही मेक्सिकन सलूनमध्ये बसा, समोर तेच लागलेलं असतं. कॉर्टेझ १९७१ मध्ये गेला.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

ल्युलॅक ही इथल्या लॅटिन लोकांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना, १९२९ ची. १९४८ आणि १९४९ अशी दोन वर्षं हा तिचा अध्यक्ष होता. त्या काळी टेक्सासातल्या कित्येक गावांत मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी असायची. मेक्सिकन मजुरांना इतकं वाईट वागवायचे की, करार करून मजूर पाठवणाऱ्या मेक्सिको सरकारने काही वर्षं टेक्सासला माणसंच द्यायला नकार दिला होता. शाळांच्या विरोधातला खटला ऑस्टिनजवळच्या बॅस्ट्रॉप गावावरून ओळखला जातो. मिनर्वा देल्गादो या मुलीच्या आणि इतर काही मुलांच्या घरच्यांनी तो लढवला, वकील गस गार्सिया. मागे ल्युलॅकचं बळ. १५ जून १९४८ ला निकाल लागला: मेक्सिकन मुलांना वेगळं बसवणं बेकायदा.

फक्त एक फट राहिली. पहिलीच्या मुलांना इंग्रजी येत नसेल, तर त्याच शाळेत वेगळ्या वर्गात बसवता येईल. मग काय, त्या फटीतून कितीतरी शाळांनी जुनाच कारभार चालू ठेवला.

ते 'पहिली' वाचलं आणि मी थांबले. चिऊचं वय तेच.

तुम्हाला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. हसून, अगदी गोड बोलून म्हणाल्या, घरी दोन भाषा झाल्या की मूल गोंधळतं, तुम्ही घरातही इंग्रजीच बोलत चला. मी मान डोलावली. मी, सांगलीच्या मराठी शाळेतून शिकून इथवर आलेली! घरी येऊन यांनाही सांगितलं, आणि चार महिने आम्ही दोघं पोरीशी इंग्रजी बोलत राहिलो. म्हणूनच ती हल्ली फोनवर "हाय आबा, आय ॲम फाइन" म्हणून पळते. आई, तू एकदा विचारलंस, पोरगी रुसली आहे का आमच्यावर? मी म्हटलं, दमली आहे. खोटं होतं ते.

माझी आणि त्या लोकांची बरोबरी मला करायची नाही. त्यांची पोरं पडक्या शाळेत बसवली गेली, मला फक्त एक सल्ला मिळाला आणि तो मी निमूट घेतला. राग आला तो याचाच. त्या बॅस्ट्रॉपच्या आईबापांकडे ना माझ्यासारखी डिग्री ना पगार, तरी ते कोर्टात गेले. मला साधं "नाही हो बाई" म्हणता आलं नाही.

आता बोलतो आम्ही मराठी. पण चिऊ आडून बसते. समजतं तिला सगळं, उत्तर इंग्रजीत देते. माझं मराठी म्हणजे 'दूध पी, दात घास, आवर लवकर'. एवढ्यावर कुणाला भाषेची गोडी लागेल?

म्हणून बाबा, तुमच्याकडे काम आहे. दर शनिवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे इथल्या सकाळी नऊला, मी फोन लावीन. कॅमेरा बंद. तुम्ही दिसलात की ती तोंडं वेडावत बसते, नुसता आवाज आला तर कान देईल. पंधरा मिनिटं गोष्ट सांगायची, सांगलीच्या बोलीत, शब्द सोपे न करता. तिने इंग्रजीत विचारलं तरी तुम्ही मराठीतच उत्तर द्या. फोन आईकडे द्यायचा नाही. आईचा कार्यक्रम त्यानंतर, त्यात जेवणाची चौकशी हवी तेवढी करावी.

हो, कांदा-लसूण मसाला संपत आला आहे. पुढच्या महिन्यात शेजारच्या काकूंचा मुलगा येतोय, त्याच्याबरोबर अर्धा किलो पाठव, त्याहून जास्त नको.

पहिली गोष्ट मी ठरवून ठेवली आहे. हरिपूरचे एक आजोबा रेडिओ घेऊन आले होते, बातम्या लागल्या की आतून खसखस येते म्हणून, आणि तुम्ही मागचं झाकण उघडलंत तर आत उंदरीण, चार पिल्लांसकट. तिथपासून सुरू करा. तिला मी फक्त एवढंच सांगितलंय की आबांच्या रेडिओत कुणीतरी राहत होतं, आणि कालपासून ती मला विचारतेय, कोण, कोण?

तुमची,
ताई