आबांच्या नावापुढचा शेरा

प्रिय आई, प्रिय बाबा,

सलाम. फोनवरच सांगणार होते, पण बाबा तुम्ही फोनवर दोन मिनिटांत "बरं बरं" करून आईकडे देता, आणि हे दोन मिनिटांचं नाहीये, म्हणून बसून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना, आणि मधे कुकर लावायला उठू नकोस.

आबा सापडले. बाबा, तुमचे आजोबा. म्हणजे मंडळीच्या, चर्चच्या, जुन्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव सापडलं, तेच नाव जे आपण दादाला ठेवलंय.

पहिल्यापासून सांगते. मी इथे बोस्टनला आले तेव्हा मला माहीतच नव्हतं की नगरला ज्या मिशनने शाळा काढल्या, ते अमेरिकन मराठी मिशन ज्या मिशनरी बोर्डाचं होतं, ते बोर्ड 1810 साली इथेच मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालं. 1813 ला त्यांची माणसं मुंबईत उतरली, 1831 ला नगरला आली, आणि 1842 ला नगरमधूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं, जे तुमच्याकडे अजून येतं बाबा. त्या सगळ्यांची पत्रं, रिपोर्ट इथे हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत जपून ठेवलेत, माझ्या ऑफिसपासून मेट्रोने अर्धा तास. तीन शनिवारी जमलं नाही कारण वाचनाची खोली शनिवारी बंद, मग शेवटी सुट्टी टाकून गेले. पर्स बाहेर लॉकरमध्ये, पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल, आणि समोर फोमच्या उशीवर कागद आणून ठेवतात. नगर, वडाळा, राहुरी अशी नावं त्या परक्या अक्षरात वाचताना माझा गळा दाटून आला होता, खरं सांगते.

पण आबा तिथे नव्हते. तिथे आकडे आहेत. दुष्काळात किती पोरं आली, किती शाळेत, किती आजारी. 1899 चा पाऊस गेला त्याचा तो दुष्काळ, गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात, विक्रम संवत 1956 म्हणून. वर 1900 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की नाव पाहिजे असेल तर ते गावाकडच्या मंडळीच्या रजिस्टरमध्येच मिळणार, गोऱ्या साहेबाच्या पत्रात नाही.

म्हणून मग मी आत्याच्या मुलाला पाठवलं. त्याने खूप केलं आपल्यासाठी, त्याला एकदा जेवायला बोलवा. पहिल्या ठिकाणी वाळवीने अर्धं कपाट खाल्लेलं, दुसरीकडे सांगितलं सायबांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी स्वतः पेटी उघडून दिली आणि त्याच्याबरोबर दुपारभर बसले. मिशनचं, मग 1924 नंतर युनायटेड चर्चचं, मग 1970 नंतर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, असे तीन काळातले तीन शिक्के आहेत त्या कागदांवर, आणि म्हणूनच कुठलं पुस्तक कुठे गेलं ते एकाच माणसाला माहीत नसतं.

त्याने मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो मी इतका झूम केलाय की शाई फुटलेली दिसते. तपकिरी शाई, बोरूने लिहिल्यासारखं जाड-बारीक अक्षर. रकाने असे: नंबर, नाव, वय, आईबापाचे नाव, गाव, बाप्तिस्म्याची तारीख, कोणी दिला, आणि शेवटी शेरा. जातीचा रकाना नाहीये, मी मुद्दाम बघितला. आबांच्या नावापुढे वय "सुमारे 16", आईबापाच्या रकान्यात आडवी रेघ. गावाच्या रकान्यात जे लिहिलंय तेच आपलं आडनाव, म्हणजे गाव विचारलं असेल आणि पोराने सांगितलं ते आडनाव होऊन बसलं. शेऱ्यात लिहिलंय "दुष्काळी. कबुलीवरून घेतला." आणि साल 1909.

बाबा, ते साल परत वाचा. आई, परत वाच गं तो आकडा.

तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं, मी नववीत असताना, की शाळेत तुम्हाला मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, ह्यांचे वाडवडील भाकरीसाठी बाटले. आणि तुम्ही घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाटलं की ते खरंच असेल. आबा गेले 1963 ला, तुम्ही अकरा वर्षांचे, विचारायचं राहून गेलं, आणि पुढे सत्तर वर्षांचे होईपर्यंत तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत की आपले आजोबा दुष्काळात आलेले पोर होते. मला माहितीये ते का.

पण आबा आले 1900 ला, सहा-सात वर्षांचे असताना. भाकरी तेव्हाच मिळाली त्यांना. नऊ वर्षं ते मिशनचं खाल्ले, शाळेत शिकले, इंडस्ट्रियल शाळेत माग शिकले (नगरला डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर मिशनरी सुधारित हातमाग बनवायचे, ते साधारण त्याच काळात), आणि त्या नऊ वर्षांत त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. कबुलीवरून म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मंडळीसमोर उभं राहायचं, वडील मंडळी प्रश्न विचारणार, आपल्या तोंडाने उत्तर द्यायचं. सोळा वर्षांच्या पोराने ते केलं. त्याच्या पोटात तेव्हा भूक नव्हती बाबा. मला वाटतं त्याच्या मनात काहीतरी होतं, आणि ते आपल्याला आदराने मान्य करायला हवं.

अजून एक आहे. शेऱ्याच्या खाली, अगदी कडेला, दोन ओळी मोडीत आहेत. मला वाटलं होतं पाळकांची सही असेल. पुण्याला माझी एक मैत्रीण आहे, तिने भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा क्लास केलाय, तिला फोटो पाठवला, तिने रात्री साडेअकराला मेसेज केला: "बाप खडीवर पटकीने मेला. आई आधीच. पोर सांगतो."

म्हणजे सोळाव्या वर्षी त्यांनी बोलून सांगितलं होतं हे कोणाला तरी, आणि त्या माणसाने रकाना नव्हता तरी कडेला लिहून ठेवलं. कोणी टाकलेलं पोर नव्हतं ते, त्याचा बाप दुष्काळी कामावर खडी फोडत होता त्याला खाऊ घालायला. आबांच्या ताटात शीत उरायचं नाही आणि उशाला ज्वारीची पुरचुंडी असायची हे तुम्ही सांगता ना, ते मला आता वेगळं दिसतं.

आता तुम्हाला एक काम आहे. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आबांचं बायबल आहे, आई तुला माहीत आहे, निळ्या फडक्यात बांधलेलं. त्यात जुना करार संपून नवा करार सुरू होतो तिथे मधे कोरी पानं असतात, जुन्या बायबलांमध्ये लोक तिथे लग्न-जन्म लिहायचे. मला तिथे पणजीचं माहेरचं गाव लिहिलेलं हवंय, तिच्या सभासदत्वाच्या बदलीची चिठ्ठी कुठल्या मंडळीतून आली ते कळलं की तिचंही रजिस्टर शोधता येईल. उघडताना पान ओढू नका, खाली हात धरा, आणि फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको. बाबा तुम्ही शिडीवर चढू नका, दादा रविवारी येईल तेव्हा काढू दे.

रजिस्टरच्या पानाची प्रिंट मोठी करून त्याच्याचकडे पाठवतेय.

तुमची,
ताई