मी रात्रभर नेमकं काय करते

प्रिय आई-बाबा,

बाबा, माझ्या डीजेच्या कामाबद्दल तुम्ही परवा विचारलंत ना की गाणी दुसऱ्यांची, मशीन कंपनीचं, मग त्यात तुझं काय, ते डोक्यातून जातच नाहीये, आणि फोनवर मला हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय.

समजा एक ट्रॅक मिनिटाला १२४ बीट्सचा चालू आहे आणि पुढचा १२८ चा आहे, तर पुढचा मी आधी फक्त हेडफोनवर ऐकते, वेग जुळवते, मग १६ किंवा ३२ बीट्सचा टप्पा संपतो तिथेच तो आत घेते आणि त्याच वेळी जुन्याचा बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, काढते, कारण दोन बेस एकदम वाजले की नुसता गडगडाट होतो. आता वेग मशीनही जुळवून देतं, खरंय. पण पुढे काय लावायचं ते समोरची माणसं बघूनच ठरतं, कोण दमलंय, कोण आत्ताच आलंय, कधी जरा खाली आणायचं म्हणजे नंतर वर नेता येईल. वॉर्म-अपला, म्हणजे मुख्य आर्टिस्टच्या आधी सुरुवातीला वाजवायचं असतं तेव्हा, तर हात राखूनच वाजवावं लागतं, त्याच्या आधीच सगळं जोरदार वाजवून टाकलं तर परत कोण बोलावणार? मला तोच वेळ सगळ्यात आवडतो, रिकाम्या फ्लोअरवर पहिले दोघंतिघं नाचायला येतात ना, तेव्हा इतकं भारी वाटतं!

शिकागोचा डीजे फ्रँकी नकल्स १९७७ पासून वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये वाजवायचा, बहुतेक दुसऱ्यांच्याच रेकॉर्ड्स, आणि त्यातून हाउस म्युझिक हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला. २००४ मध्ये तिथल्या रस्त्याच्या एका भागाला त्याचं नाव दिलं. बाबा, निवड आणि क्रम हेच त्याचं होतं, माझंही तेच आहे.

आई, तू त्या डीजे अविचीचं वाचल्यापासून घाबरलीयस, कळतं मला. २०१६ मध्ये त्याने टूर थांबवल्या आणि २०१८ मध्ये गेला, फक्त २८ वर्षांचा. जागरण, प्रवास, फुकटची दारू, आणि एवढ्या गर्दीतून निघून हॉटेलच्या खोलीत एकटं, हे सगळं या कामात आहेच, तुला खोटं कशाला सांगू. म्हणून मी कामावर पीत नाही आणि लागोपाठच्या रात्रींचे शो घेत नाही, पैसे कमी मिळाले तरी.

कानांचं मात्र मला स्वतःलाच टेन्शन असतं. ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं, आणि क्लबमध्ये १०० सहज होतात. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. त्यामुळे कानाचं माप देऊन इअरप्लग बनवून घेतलेत आणि मी वाजवते त्या बूथमधला स्पीकर कमीच ठेवते.

पैशांचं म्हणाल तर शोचेच मुख्य, स्ट्रीमिंगचे किरकोळ, आणि महिने सारखे नसतात, म्हणून दिवसा जाहिरातींसाठी म्युझिक करते, ते चालू राहील. आणि वयाचं म्हणाल तर डीजे कार्ल कॉक्सचा जन्म १९६२ चा, साठी ओलांडली तरी वाजवतोय.

मागच्या सेटचं रेकॉर्डिंग पाठवलंय. फोनच्या स्पीकरवर नका ऐकू बाबा, त्यात खालचा बेस येतच नाही, हेडफोन लावा आणि आवाज निम्म्यावरच ठेवा. आई, सुरुवात हळू आहे, पुढे ढकलू नकोस, आणि कुठे कंटाळा आला ते मला नक्की सांग.

तुमची,
मी