नावांची यादी

दांडिया बाजार, बडोदे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, आमच्या अभ्यासाचं गावांतलं सगळं काम ती करारावरची मुलगीच सांभाळते, पण संशोधनाच्या पेपरात लेखक म्हणून तिचं नाव कसं घालू? तिने लिहिलेलं काहीच नाही." मी गप्प राहिले. तू घाईत होतीस, आणि मला जे सांगायचं होतं ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं.

तू पहिलीत होतीस तेव्हा मी अशाच एका सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराच्या, पाहणीत लॅब टेक्निशियन होते. छोटा उदेपूरकडच्या गावांतून जांभळ्या बुचाच्या बाटल्या बर्फाच्या डब्यातून यायच्या. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात मेटाबायसल्फाइट हे रसायन, वर पातळ काचेची कव्हरस्लिप, कडा बंद करायच्या आणि वाट बघायची. हळूहळू गोल पेशी ताणल्या जायच्या आणि विळ्यासारख्या वाकायच्या. ते बघताना माझा जीव कसानुसा व्हायचा. पण ज्या घरातून ते रक्त यायचं, त्या घराच्या उंबऱ्याआत जाता येणारी आमच्यात एकच होती. एक राठवा आदिवासी मुलगी, बारावी झालेली, रोजंदारीवर.

एकदा शाळेच्या ओट्यावर निकालाची यादी मोठ्याने वाचली जात होती. ती पुढे झाली आणि हात पुढे करून यादी मागितली. म्हणाली, "साहेब, मुलींची नावं अशी घेऊ नका. वाहक म्हणजे आजाराचा जनुक अंगात असलेला, आजारी नव्हे, हे इथे कोणाला कळत नाही. सोयरीक मोडेल." तेव्हापासून निकाल घरोघर जाऊन, मुलीला आणि तिच्या आईला बाजूला बसवून सांगायला लागलो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल आजारी निघण्याची शक्यता असते, हे ती चार दाणे मांडून असं समजावायची की मलाही तसं जमलं नसतं. ज्यांनी आधी नकार दिला होता त्या बायका आपणहून रक्त द्यायला आल्या.

पेपर छापून आला. 'निकाल खासगीत सांगावा' ही त्यातली मुख्य शिफारस होती. आभारात माझं नाव होतं. ती 'क्षेत्रीय कर्मचारी' या दोन शब्दांत बसवली होती, बिननावाची. मी ते वाचलं आणि बोलले नाही. माझा करार वाढायचा होता. पुढे काम संपलं, आणि मी तिचा पत्तासुद्धा घेतलेला नव्हता. सोनू, ही गोष्ट मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितली नव्हती.

आता तुझ्या मुद्द्याचं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम तूच मला वाचून दाखवला होतास. लेखक म्हणून नाव यायचं तर मसुद्यात हात हवा, हे खरं. पण ज्याने अभ्यासाला मोलाचा हातभार लावला त्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी द्यावी, असंही त्यातच आहे. तू तुझ्या अभ्यासातल्या त्या मुलीला मसुदा दाखवलास का? तिचं इंग्रजी अडखळत असेल तर गुजरातीत बोलू दे, तू लिहून घे.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई जमात राहते. 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त नेलं, आणि ते स्किझोफ्रेनियापासून स्थलांतरापर्यंत भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलं. 2003 मध्ये तिथल्या एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला कार्लेटा टिलूसी ही हवासुपाई बाई हजर होती. तिने विचारलं, याची परवानगी घेतली होती का? 2010 मध्ये विद्यापीठाने 7 लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले. ती त्या दिवशी तिथे नसती तर? आणि रक्त न्यायच्या आधीच, प्रश्न ठरवणाऱ्या बैठकीत तिच्यासारखी कोणी असती तर?

म्हणून नुसतं नाव घालून भागणार नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेली ही मुलगी सहा-सहा महिन्यांच्या करारावर का? पुढच्या प्रस्तावात तिला सहसंशोधक कर, त्या पदाच्या पगारावर. पीएच.डी.ला बसव. आणि उद्या प्रमुख ती आणि सहसंशोधक तू, असा प्रकल्प आला तर चालेल का तुला? मनाशी विचार कर, मला उत्तर नको.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली आंबेडकर कोलंबियाला गेले, हे आपण बडोदेकर छाती काढून सांगतो. 1917 मध्ये ते इथे नोकरीला आले तेव्हा या गावाने त्यांना घर दिलं नाही. पारशी सराईतूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेत फिरायला गेले की मला ते आठवतं. शिष्यवृत्ती होती, खोली नव्हती.

आपली माडीवरची खोली बाबा गेल्यापासून बंदच आहे. पीएच.डी.साठी तिला बडोद्याला यावं लागलं तर तिच्या कवांटहून रोज ये-जा होणार नाही. पंखा बसवून घेतला आहे, नळाची दुरुस्ती या आठवड्यात होईल. भाडं तिला परवडेल ते घेईन. फुकट देऊन तिला मिंधं करायचं नाही. स्वयंपाकघर वेगळं आहे, तिला हवं ते शिजवू दे. तू विचारू नकोस, मीच फोन करते. तिचा नंबर पाठव.

आणि पेपर पाठवायच्या आधी नावांची यादी मला फोनवर वाचून दाखव, क्रमासकट.

तुझी,
आई