बॅकअप निवडताना आधी रिस्टोअर पाहावे

माननीय संपादक महोदय,
स. न.

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि तेव्हापासून घरचा संगणक बदलणे किंवा जुन्याच संगणकावर नवे विंडोज टाकून घेणे अनेकांना भाग पडले आहे. अशा वेळी दुकानदार 'डेटाचा बॅकअप घेतलाय ना?' असे विचारतो, ग्राहक मान डोलावतो आणि काम सुरू होते. तो बॅकअप परत उघडतो का, हे दोघांपैकी कोणीच पाहत नाही. बॅकअपची पद्धत निवडताना प्रत किती सहज निघते यापेक्षा ती परत कशी भरता येते, म्हणजेच रिस्टोअर कशी होते, याला महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे.

महत्त्वाचे सर्व काही डी ड्राइव्हमध्ये ठेवले की ते सुरक्षित राहते, हा आपल्याकडचा जुना समज आहे. विंडोज बिघडून 'फॉरमॅट मारण्याची' वेळ आली तर डी वाचतो, हे खरे. पण बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात. जुनी फिरणारी हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून किंवा मंद होऊन पूर्वसूचना तरी देत असे. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली नवी चिप-डिस्क, अनेकदा तेवढीही सवड देत नाही.

दुसरा समज क्लाउडविषयीचा, म्हणजे इंटरनेटवरील साठवणुकीविषयीचा. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेला फोल्डर हा मुळात सिंक असतो, म्हणजे इथे फाइल पुसली की तिथेही ती कचऱ्यात जाते आणि साधारण ३० दिवसांनी कायमची नाहीशी होते. विंडोजमधील 'विंडोज बॅकअप' हे ॲपही वनड्राइव्हवरच चालते. तिथे मोफत जागा ५ जीबी, आणि प्रती जातात त्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांच्या. डी ड्राइव्हवरचे लग्नाचे व्हिडिओ किंवा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा त्यात आपोआप येत नाही. असे असूनही पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' अशा अर्थाची हिरवी खूण दिसते आणि माणूस निर्धास्त होतो.

संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची एकत्र हुबेहूब प्रत, घेऊन ठेवावी, असा सल्ला जाणकार देतात. तो चुकीचा नाही, परंतु घरगुती वापरासाठी मला तो अपुरा वाटतो. विंडोजमधील सिस्टिम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच जुनी ठरवली. शिवाय त्या सोयीने घेतलेली इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही, आणि आपल्याकडे तर १ टीबीची हार्ड डिस्क काढून त्या जागी ५१२ जीबीची एसएसडी बसवणे हाच सर्रास प्रकार आहे. इमेज घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्ट या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती अनेकांच्या भरवशाची होती. तिचे साहाय्यही १ जानेवारी २०२४ पासून बंद झाले. विंडोज पुन्हा टाकता येते, फाइल्स पुन्हा तयार करता येत नाहीत. म्हणून कोणत्याही संगणकावर, कोणत्याही खास प्रोग्रॅमविना उघडतील अशा साध्या फाइल्सच्या प्रती हाच मुख्य बॅकअप मानावा आणि इमेज ही वरची सोय समजावी.

मराठी घरांपुरती एक अडचण मात्र वेगळी आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमच्या जुन्या, युनिकोड ही अक्षरांची आजची सार्वत्रिक पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर घराघरांत पडून आहे: कुलवृत्तांत, सोसायटीची इतिवृत्ते, आजोबांच्या आठवणी, प्रवचनांची टिपणे. या फाइल्समध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात; त्यांना देवनागरीचे रूप तो फाँट देतो. फाइल जशीच्या तशी नव्या संगणकावर आणली तरी फाँट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांच्या ओळी दिसतात. फाँट असतात विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, आणि फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुसला जातो. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर ते फाँट प्रतींसोबत उतरवून घ्यावेत आणि अशा प्रत्येक फाइलची पीडीएफही काढून ठेवावी. पीडीएफमध्ये फाँट सहसा आतच बसवलेला असल्याने ती कुठेही वाचता येते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे अधिक चांगले, पण जोडाक्षरे तपासत बसण्याचा वेळ प्रत्येकाजवळ असतोच असे नाही.

प्रती ठेवण्यासाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्या आलटून पालटून वापराव्यात. डिस्क सतत जोडून ठेवणे सोयीचे खरे. पण २०१७ च्या वॉनाक्रायसारखा रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइल्स अडकवणारा प्रोग्रॅम) संगणकात शिरला तर जोडलेल्या डिस्कवरील फाइल्सही तो कुलूपबंद करतो. म्हणून काम झाले की डिस्क काढावी, आणि दोहोंपैकी एक नातेवाइकांकडे, दुसऱ्या इमारतीत असावी. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीत घरात पाणी शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

शेवटी दुकानदारांना एक विनंती. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीविना वाचता न येईल अशी कुलूपबंद होते, आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. घाईगर्दीत दुकानातल्याच कोणाच्या खात्याने संगणक सुरू करून दिला, तर ग्राहकाच्या डिस्कची किल्ली परक्याकडे राहते आणि पुढे संगणकाने ती मागितली की स्वतःचीच डिस्क उघडत नाही. तेव्हा संगणक ग्राहकाच्याच खात्याने सुरू करावा, ती की कागदावर छापून द्यावी, आणि जुनी डिस्क पुसण्यापूर्वी बॅकअपमधील एक फोटो, एक जुनी मराठी फाइल आणि टॅली असल्यास तिच्यातील एका कंपनीचे हिशेब नव्या संगणकावर ग्राहकासमक्ष उघडून दाखवावी. या कामाचे वेगळे पैसे घेतले तरी आमची तक्रार असणार नाही.

आपला,
एक वाचक, सांगली