‘ओके’वर सौदा नको

महोदय,

‘ओके’ हा शब्द २३ मार्च १८३९ रोजी बोस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगचे लघुरूप म्हणून गमतीने छापला गेला. आज आमच्या रावेर-यावलकडे केळीचे सौदे त्यावर होतात! आपण मोबाइलवर भाव कळवतो, पलीकडून ‘ओके’ येते. भाव मान्य, की फक्त निरोप पोचला? कापणीला मजूर लावल्यावर व्यापारी म्हणतो, ‘मी वाचलं एवढंच कळवलं होतं.’ ‘माल ओके आहे’ म्हणजे चांगला की जेमतेम, हे समोरासमोर आवाजावरून तरी कळते. मेसेजला आवाज कुठला? भाव, वजन आणि कापणीचा दिवस व्यापाऱ्याने स्वतः लिहून पाठवावा, असा नियम बाजार समित्यांनी करावा.

– एक केळी उत्पादक, रावेर (जि. जळगाव)