ग्वाल्हेरच्या लष्करातल्या आजीला

हेग, १४ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. चिवड्याचा पार चुरा झालाय, चमच्याने खातेय.

इथे बघण्यासारखं काय, विचारलंस ना? पवनचक्क्या कुणीही सांगेल. माझ्या सायकलच्या वाटेवर एक इमारत आहे, मूळची विमा कंपनीची. तिथे पुढे युगोस्लाव्हियाच्या युद्धाचे खटले चालले. बोस्नियातल्या फोचा गावच्या बायका साक्षीला आल्या. ओळख लपवायला नावाऐवजी नुसता आकडा. लढाई म्हटली की बायकांचं असं व्हायचंच, हेच तोवर सगळे धरून चालायचे. २२ फेब्रुवारी २००१ ला झांबियाच्या न्यायाधीश फ्लॉरेन्स मुंबा यांनी निकाल वाचला : बायकांना कोंडून वापरणं ही गुलामगिरी, मानवतेविरुद्धचा गुन्हा. तिघा आरोपींना २८, २० आणि १२ वर्षं कैद. मला १२ कमीच वाटली.

आणि याच गावात १९१५ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, हजारावर बायका लढाई थांबवा म्हणायला जमल्या होत्या. कुठे, तर प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात! बोलावणारी आलेटा जेकब्स याच देशातली डॉक्टरीण, अध्यक्ष अमेरिकेच्या जेन ॲडम्स. जर्मन आणि बेल्जियन बायका एकाच सभेत. इंग्लंडच्या बायकांना सरकारने अडवलं, तिघीच पोचल्या. नंतर त्यांच्यातल्या काही जणी देशोदेशीच्या मंत्र्यांना जाऊन भेटल्या. मंत्र्यांनी ऐकून घेतलं. युद्ध पुढे साडेतीन वर्षं चाललं.

आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे, मोहल्ल्याचं नावच शिंद्यांच्या छावणीवरून. शाळेची सहल ठरलेली, फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी. घोड्यावरची बाई आम्हाला तोंडपाठ. तुझं ७१ सालचं पाकिस्तानशी झालेलं युद्ध मात्र मी अर्धंच ऐकलंय. आग्र्यावर बॉम्ब पडले, तू खिडक्यांना काळे कागद चिकटवलेस, उजेड असतानाच पोळ्या उरकायचीस. आजोबा महाराजपूरच्या हवाई तळावर ड्यूटीला. बाबा तान्हे, रात्री रडले की तू त्यांच्या तोंडात गुळाचं बोट द्यायचीस, जसा काही आवाज वर विमानात ऐकू जाणार होता! मग शेजारच्या काकूंचं नाव निघतं, तू ‘जाऊ दे गं’ म्हणतेस आणि मेथी निवडायला घेतेस.

त्या काकूंचं काय झालं, आजी? त्यांच्याकडचे परत आले का? लिहायला हात दुखत असेल तर काकाच्या मोबाइलवर बोलून पाठव. काकाला मात्र खोलीबाहेर काढ, तो मध्ये मध्ये बोलतो.

हे पत्र पुण्याला आत्यालाही वाचायला दे. पुढच्या पार्सलात हिंग घाल, चिवडा नको.

तुझी,
सई